लोखंड न घालता चुंबक? अचुंबकीय मूलद्रव्यं मिसळलेल्या अर्धवाहकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सीच्या वर्गात, सेमिनारनंतर चहा घेताना आणि कधी कधी घरच्या गणपतीला आलेल्या पाहुण्यांकडूनही मला या विषयावर तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय. शब्दांबद्दल आधीच सांगतो. पुस्तकात ‘लोहचुंबकत्व’ असतं, पण लॅबमध्ये सगळे ‘फेरोमॅग्नेटिझम’च म्हणतात. मी दोन्ही वापरणार आहे. शिवाय जिथे लोखंडच नाही त्या चुंबकाला ‘लोह’चुंबक म्हणताना जीभ जरा अडखळतेच.

हा विषय नेमका काय आहे?

सिलिकॉन, झिंक ऑक्साइड, गॅलियम नायट्राइड यांसारख्या अर्धवाहकात (सेमीकंडक्टरमध्ये) दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू मुद्दाम घालायचे, याला डोपिंग म्हणतात. सरळ मराठीत ही भेसळच, फक्त मोजूनमापून केलेली. मँगनीज, कोबाल्ट किंवा लोखंड घातलं आणि पदार्थात चुंबकत्व आलं, तर त्यात फारसं आश्चर्य नाही. पण कार्बन, नायट्रोजन, लिथियम, लँथॅनम अशी मूलद्रव्यं घातली, ज्यांचा चुंबकत्वाशी काडीचा संबंध नाही, आणि तरीही पदार्थ खोलीच्या तापमानाला चुंबकासारखा वागला, तर? अशा निरीक्षणांचे शेकडो शोधनिबंध आहेत. त्यातले किती खरे, यावर वीस वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे.

‘डी-झीरो’ हे नाव कुठून आलं?

लोखंड, कोबाल्ट, निकेल यांचं चुंबकत्व त्यांच्या अर्धवट भरलेल्या डी कक्षेतून येतं. ज्या पदार्थांत डी किंवा एफ कक्षा अर्धवट भरलेलीच नाही, तिथे दिसणाऱ्या चुंबकत्वाला डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या मायकेल कोई यांनी ‘डी-झीरो फेरोमॅग्नेटिझम’ असं नाव दिलं आणि ते रूढ झालं. काटेकोर बोलायचं तर झिंक ऑक्साइडमध्ये झिंकची डी कक्षा पूर्ण भरलेली असते, म्हणजे तो ‘डी-टेन’ झाला. पण नाव पडलं ते पडलं.

तांबंही अचुंबकीयच ना? मग तांबं घातलेलं झिंक ऑक्साइड यात येतं का?

बरेच जण ते धरतात. मला ती पळवाट वाटते. तांब्याचा धातू चुंबकीय नाही हे खरं, पण झिंकच्या जागी बसलेल्या तांब्याच्या आयनात डी कक्षेत नऊ इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे एक जागा रिकामी. स्पिन, म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं बारीकसं चुंबकत्व, तिथे आयताच तयार असतो. त्याची तुलना कार्बन किंवा लिथियमशी करू नये.

मँगनीजवर काम चाललेलं असताना लोक इकडे का वळले?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९९० च्या दशकात जपानमध्ये हिदेओ ओनो आणि सहकाऱ्यांनी गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज घालून खरोखरचा चुंबकीय अर्धवाहक बनवला. हे काम पक्कं आहे, त्यावर कोणाचा आक्षेप नाही. अडचण एकच होती: तो ११० केल्विनला, म्हणजे उणे १६३ अंश सेल्सिअसला चुंबकत्व सोडायचा. पुढे बरीच मेहनत करून ते तापमान २०० केल्विनपर्यंत नेलं गेलं. खोलीचं तापमान मात्र ३०० केल्विन असतं.

२००० साली टोमाश डीट्ल, ओनो आणि इतरांचा एक सैद्धांतिक शोधनिबंध आला. झिंक ऑक्साइड किंवा गॅलियम नायट्राइडमध्ये ५ टक्के मँगनीज आणि भरपूर धन वाहक, म्हणजे होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा), घालता आले तर खोलीच्या तापमानाच्या वर जाता येईल, असं त्यात म्हटलं होतं. मग काय, ज्याच्याकडे झिंक ऑक्साइडची पावडर होती तो कामाला लागला. ‘भरपूर होल्स’ ही अट बहुतेकांनी सोयीने बाजूला ठेवली. झिंक ऑक्साइडला होल्स देणं किती जिकिरीचं असतं, ते ज्यांनी करून पाहिलंय त्यांनाच ठाऊक.

त्यातून निघालेल्या निकालांवर नेहमीचा आक्षेप असा की, घातलेल्या कोबाल्टसारख्या धातूचे अणू नीट विखुरलेलेच नाहीत, त्यांच्या बारीक गुठळ्या झाल्यात आणि चुंबकत्व त्या गुठळ्यांचं आहे. त्यावर उपाय काय? भेसळच अशी निवडा की जिच्या गुठळ्या झाल्या तरी त्या चुंबकीय होणार नाहीत. कार्बनची गुठळी म्हणजे काजळी. कल्पना खरंच चतुर होती. एका भेसळीची भीती गेली. दुसरी एक, न मागता येणारी भेसळ मात्र तशीच राहिली. तिच्याबद्दल पुढे बोलूच.

कार्बनसारख्या अणूकडे स्पिन येतो कुठून?

झिंक ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन झिंककडून दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि आपली पी कक्षा पूर्ण भरतो. सहा जागांत सहा इलेक्ट्रॉन, तीन वर, तीन खाली, हिशेब मिटला. त्या जागी कार्बन बसवला तर त्याच्याकडे मुळात दोन इलेक्ट्रॉन कमी असतात, म्हणून पी कक्षेत दोन जागा रिकाम्या राहतात. हुंडच्या नियमाप्रमाणे उरलेले चार इलेक्ट्रॉन तीन वर, एक खाली असे बसू शकतात. निव्वळ चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबकाची ताकद, दोन बोर मॅग्नेटॉन (हे अणूच्या पातळीवरचं एकक). नायट्रोजन घातला तर एक जागा रिकामी, एक मॅग्नेटॉन. झिंकच्या जागी लिथियम आलं तर एक होल शेजारच्या ऑक्सिजनवर जातो. झिंकचा अणू जागेवरून गायबच झाला, तर भोवतीच्या चार ऑक्सिजनवर मिळून दोन होल्स राहतात. म्हणजे भेसळ बाहेरून घातली नाही तरी स्फटिकातल्या रिकाम्या जागा स्पिन देऊ शकतात. इथपर्यंतचं सगळं बरोबर आहे, यात वादाचं काही नाही.

मग स्पिन मिळाला म्हणजे चुंबक तयार झाला ना?

नाही! मला सगळ्यात जास्त वेळा खोडावा लागणारा गैरसमज हाच.

यासाठी सिलिकॉनमधल्या फॉस्फरसचं उदाहरण घ्या. फॉस्फरस अचुंबकीय, सिलिकॉन अचुंबकीय. फॉस्फरसचा पाचवा इलेक्ट्रॉन बंधात भाग घेत नाही. थंड तापमानाला तो आपल्या अणूभोवती सैलसर फिरत राहतो आणि त्याला स्वतःचा स्पिन असतो. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स या मोजमापात तो स्पष्ट दिसतो. एकाऐवजी दोन रेषा येतात, ४२ गॉस अंतरावर, कारण फॉस्फरसच्या अणुकेंद्राचाही स्पिन असतो आणि तो वर किंवा खाली असू शकतो. इतकं नेमकं मोजमाप या क्षेत्रात क्वचित पाहायला मिळतं. म्हणजे ‘अचुंबकीय मूलद्रव्य घालून अर्धवाहकात चुंबकीय आघूर्ण’ ही गोष्ट १९५० च्या दशकापासून ठाऊक आहे. तिच्यात गूढ काही नाही.

आता फॉस्फरस वाढवत चला. इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांना भिडू लागतात. तेव्हा शेजारी शेजारी उलट दिशेने जोडीला बसतात, हायड्रोजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन बसतात तसे. एक वर, एक खाली, बेरीज शून्य. घनसेंटिमीटरला ३७ वर १७ शून्यं इतके फॉस्फरस अणू झाले (म्हणजे सिलिकॉनच्या साधारण साडेतेरा हजार अणूंमागे एक) की पदार्थ धातूसारखी वीज वाहून नेऊ लागतो. या सगळ्या प्रवासात तो फेरोमॅग्नेट कधीच होत नाही, मिलिकेल्विनपर्यंत थंड केला तरी नाही.

लेझमाचं पथक डोळ्यांसमोर आणा. मैदानावर शंभर मुलं लेझीम घेऊन उभी आहेत म्हणून खेळ होत नाही. शेजाऱ्याकडे पाहून प्रत्येकाचं पाऊल एकाच वेळी पडायला हवं. त्या पाहण्याला भौतिकीत विनिमय आंतरक्रिया म्हणतात. अचुंबकीय भेसळीत स्पिन जमवणं सोपं असतं, ही आंतरक्रिया योग्य दिशेची आणि पुरेशी लांबवर पोचणारी मिळणं अवघड असतं.

लांबवर म्हणजे किती?

कॅल्शियम ऑक्साइडचा हिशेब अॅलेक्स झुंगर यांच्या गटाने २००६ मध्ये मांडला, तो मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. कॅल्शियमच्या रिकाम्या जागांचे स्पिन एकमेकांशी बोलतात, पण चौथ्या शेजाऱ्यापलीकडे आवाज पोचत नाही. संपूर्ण नमुनाभर सलग साखळी तयार व्हायची तर कॅल्शियमच्या ४.९ टक्के जागा रिकाम्या हव्यात. आणि स्फटिक वाढवण्याची सगळ्यात अनुकूल परिस्थिती धरली तरी समतोलात मिळतात ०.००३ टक्के. हजाराहून जास्त पटींची तफावत. पातळ फिल्म लेझरने घाईघाईत बसवली, समतोल साधूच दिला नाही, तर दोष वाढतात हे खरं. पण हजार पट?

खोलीच्या तापमानाला असं चुंबकत्व पहिल्यांदा कुठे दिसलं?

माझ्या मते गोष्ट १९९९ पासून सुरू करावी. कॅल्शियम हेक्झाबोराइडमध्ये अगदी थोडं लँथॅनम घातलं, तर साधारण ६०० केल्विनपर्यंत टिकणारं क्षीण फेरोमॅग्नेटिझम दिसतं, असा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. लँथॅनमची एफ कक्षा रिकामी, कॅल्शियम-बोरॉनमध्ये तर काहीच नाही. सिद्धांतवाल्यांनी लगेच तीन-चार सुंदर स्पष्टीकरणं दिली. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी त्याच नियतकालिकात लिहिलं की, लोखंड आणि बोरॉनच्या एका संयुगाचं क्यूरी तापमानही (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसं होतं ते तापमान) ६०० केल्विनच्या जवळच आहे. स्फटिक आम्लाने धुतले तर चुंबकत्व बरंचसं धुऊन जातं, हेही दिसून आलं.

२००१ मध्ये पुढचा अंक. उच्च दाबाखाली जोडलेल्या फुलरीनमध्ये, म्हणजे नुसत्या कार्बनमध्ये, ५०० केल्विनच्या आसपास क्यूरी तापमान. पुन्हा ‘नेचर’. पुढे त्या नमुन्यांत लोखंड अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघालं आणि २००६ मध्ये निबंध मागे घेतला गेला. लोखंड आणि कार्बन मिळून सिमेंटाइट होतं, पोलादात असतं तेच. त्याचं क्यूरी तापमान साधारण ४८० केल्विन.

दोन्हीकडे खूण एकच आहे, लक्षात आलं का? दावा केलेलं क्यूरी तापमान त्या पदार्थाच्याच लोहसंयुगाच्या क्यूरी तापमानाशी जवळपास जुळतं. तेव्हापासून नवा दावा वाचला की मी आधी लोखंडाच्या संयुगांचा तक्ता उघडतो.

हाफ्नियम ऑक्साइडचं प्रकरण काय होतं?

२००४ मध्ये एम. व्यंकटेशन, फिट्झगेराल्ड आणि कोई यांनी हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ फिल्ममध्ये चुंबकत्व दिसल्याचं जाहीर केलं. यात तर भेसळही घातलेली नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच कॉलेजातल्या सिद्धांतकारांनी, पेम्माराजू आणि स्टेफानो सानविटो यांनी, हाफ्नियमच्या रिकाम्या जागा स्पिन देऊ शकतात असं गणिताने दाखवलं. आणि त्याच २००५ मध्ये आयबीएमच्या तिघांचा छोटासा निबंध आला. त्यांच्या काळजीपूर्वक बनवलेल्या फिल्ममध्ये चुंबकत्व नव्हतंच. मात्र तीच फिल्म स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरली की मोजता येण्याजोगा सिग्नल यायचा.

आमच्या क्षेत्रात ‘चिमटा’ या शब्दाला त्यानंतर वेगळाच अर्थ आला.

एका चिमट्याने इतका फरक कसा पडेल? अतिशयोक्ती नाही का ही?

आकडेमोड करू. वही घ्या, कारण या पानावरचा सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे.

नमुना समजा ५ मिलिमीटर बाय ५ मिलिमीटरचा, झिंक ऑक्साइडची फिल्म १०० नॅनोमीटर जाड. फिल्मचं वजन साधारण १४ मायक्रोग्रॅम. त्यात झिंकचे, आणि तितकेच ऑक्सिजनचे, अणू साधारण १ वर १७ शून्यं. ऑक्सिजनच्या १ टक्का जागी कार्बन बसला, आणि प्रत्येक कार्बनने आपले दोन्ही मॅग्नेटॉन पूर्ण इमानदारीने एकाच दिशेला लावले असं धरलं, तर एकूण आघूर्ण येतं साधारण २० मायक्रो-ईएमयू (ईएमयू हे आघूर्णाचं एकक). स्क्विड मॅग्नेटोमीटर, म्हणजे क्षीण चुंबकत्व मोजणारं आमचं यंत्र, ०.०१ मायक्रो-ईएमयूपर्यंत पाहू शकतो, म्हणजे मोजायला काही अडचण नाही.

आता फिल्म ज्यावर बसलीय तो नीलमणीचा अर्धा मिलिमीटर जाड तुकडा पाहा. वजन ५० मिलिग्रॅम, फिल्मच्या साडेतीन हजार पट. तो डायमॅग्नेटिक आहे, चुंबकाला किंचित दूर ढकलतो. एक टेस्ला क्षेत्रात त्याचा सिग्नल येतो उणे १८० मायक्रो-ईएमयू. म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या सिग्नलच्या नऊ पट, आणि उलट दिशेचा. शोधनिबंधातला तो देखणा एस आकाराचा वक्र ही मोठी तिरपी रेषा वजा करून उरलेला असतो. वजाबाकीत नळीतल्या जागेची, नमुन्याच्या आकाराची जरा चूक झाली, तर ती थेट वक्रात उतरते.

आणि लोखंड? एक ग्रॅम शुद्ध लोखंड खोलीच्या तापमानाला साधारण २१८ ईएमयू देतं. मग २० मायक्रो-ईएमयूसाठी किती लागेल? ९० नॅनोग्रॅम. तो कण घनाकार धरला तर बाजू २२-२३ मायक्रॉन, डोक्याच्या केसाच्या जाडीचा एक तृतीयांश. नीलमणीच्या तुकड्यात वजनाने दहा लाखांत दोन भाग लोखंड गुठळीच्या रूपात असलं तरी तेवढंच. म्हणजे तुम्ही आदर्श नमुना बनवला, निसर्गाने पूर्ण साथ दिली, तरी जो सिग्नल मिळेल तोच सिग्नल नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक कण देऊ शकतो.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत असं कधी झालंय?

झालंय, आणि दोन महिने गेले त्यात. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी नायट्रोजन घातलेल्या झिंक ऑक्साइडच्या फिल्म करत होतो. लेझरने फिल्म बसवताना सब्स्ट्रेट, म्हणजे फिल्मखालचा तुकडा, तापपट्टीवर सिल्व्हर पेस्टने चिकटवतात. काम झाल्यावर तो निघता निघत नाही. मी ब्लेडच्या टोकाने हळूच उचकटायचो आणि मागची पेस्ट खरवडायचो. पहिल्या नमुन्याचा हिस्टेरेसिस (क्षेत्र चढवताना आणि उतरवताना वेगवेगळा येणारा वक्र) इतका सुंदर आला की मी रात्री साडेअकराला गाईडना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “छान. आता त्याच फिल्मचा दुसरा तुकडा मोज.” दुसऱ्या तुकड्यात सपाट रेषा. तिसऱ्यात थोडा सिग्नल. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पहिल्या तुकड्याच्या कडेला ब्लेडचा करडा ओरखडा होता, नखाएवढाही नाही. सब्स्ट्रेटची ती कड हिऱ्याच्या टोकाच्या पेनने कापून टाकली आणि पुन्हा मोजलं. हिस्टेरेसिस गायब.

आम्लाने का नाही धुतलं, असं विचारतात. झिंक ऑक्साइड सौम्य आम्लातही विरघळतं. फिल्मच वाहून गेली असती.

हिस्टेरेसिस दिसला म्हणजे फेरोमॅग्नेटिझम सिद्ध झालं, असं नाही का?

नाही. हिस्टेरेसिस दाखवतो की नमुन्यात *कुठेतरी* फेरोमॅग्नेटिक काहीतरी आहे. कुठे आणि काय, ते तो सांगत नाही.

मग काय पाहिलं तर विश्वास ठेवावा?

मी सगळ्यात आधी रिकाम्या सब्स्ट्रेटचा वक्र शोधतो. त्याच तापपट्टीवर, त्याच वायूत, तेवढाच वेळ ठेवलेल्या, पण फिल्म न बसवलेल्या तुकड्याचा. तो दिला नसेल तर पुढे वाचायला हात जड होतो. मग फिल्मची जाडी वाढवल्यावर सिग्नल वाढतो का, हे पाहतो. न वाढणारा सिग्नल पृष्ठभागाचा, सांध्याचा किंवा घाणीचा असतो. नमुने किती केले आणि त्यातल्या किती नमुन्यांत दिसलं, हे प्रामाणिकपणे लिहिलेलं असेल तर लेखकांबद्दल आदर वाटतो. एक्स-रे वापरून मूलद्रव्यागणिक चुंबकत्व मोजणारी एक्सएमसीडी नावाची पद्धत आहे. तिच्यात कार्बनच्या किंवा ऑक्सिजनच्या एक्स-रे शोषणाच्या कडेला सिग्नल दिसला तर बोलणं वेगळं. ‘ईडीएक्समध्ये लोखंड आढळलं नाही’ हे वाक्य मात्र पुरावा म्हणून चालत नाही. ईडीएक्सची, म्हणजे एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या पद्धतीची, नजर टक्क्याच्या काही दशांशापर्यंतच पोचते आणि आपला प्रश्न दहा लाखांतल्या दोन भागांचा आहे.

संगणकावरची गणितं तर फेरोमॅग्नेटिझम दाखवतात. ती चुकीची असतात का?

गणित करणाऱ्याची चूक नसते, पद्धतीचा स्वभाव आड येतो. नेहमीच्या घनता-कार्यात्मक सिद्धांतात इलेक्ट्रॉन थोडासा स्वतःलाच ढकलतो. ती त्रुटी पूर्ण काढलेली नसते. त्यामुळे होल आहे त्यापेक्षा जास्त पसरलेला दिसतो. पसरलेला होल शेजाऱ्यांना सहज भिडतो, मग फेरोमॅग्नेटिझम येतं. सानविटो यांच्याच गटाने २००८ मध्ये ही त्रुटी दुरुस्त करून ऑक्साइडमधल्या नायट्रोजनकडे पुन्हा पाहिलं. होल एकाच अणूवर आखडून बसला. स्पिन तसाच राहिला, पण शेजाऱ्याशी नातं जवळजवळ तुटलं. ज्या गटाने २००५ मध्ये आशा दाखवली त्यानेच तीन वर्षांनी तिला लगाम घातला, याचं मला कौतुक वाटतं.

कार्बन घातलेल्या झिंक ऑक्साइडचं काय झालं? ते तर खूप गाजलं होतं.

२००७ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातून आलेला तो निबंध. लेझरने बसवलेली फिल्म, ४०० केल्विनच्या वर टिकणारं चुंबकत्व, प्रति कार्बन १.५ ते ३ बोर मॅग्नेटॉन. वर पाहिलंत तसं साध्या हिशेबात दोन मिळायला हवेत, म्हणून तीनचा आकडा मला तेव्हाही खटकला होता. नंतर अनेकांनी ते पुन्हा पाहिल्याचं लिहिलं, आणि गणितंही पुष्कळ झाली. माझं मत विचाराल तर दार उघडं आहे, पण त्यावर घर बांधण्याइतकं पक्कं नाही.

भारतातल्या कामाबद्दल सांगा ना.

आनंदाने. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात ए. सुंदरेशन, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सरळ म्हटलं की, सिरियम ऑक्साइड, अॅल्युमिना, झिंक ऑक्साइड, इंडियम ऑक्साइड, टिन ऑक्साइड यांचे ७ ते ३० नॅनोमीटरचे कण खोलीच्या तापमानाला फेरोमॅग्नेटिक असतात, आणि तेच पदार्थ भाजून ढेकळाच्या रूपात आणले की नसतात. चुंबकत्व कणांच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांचं, असा त्यांचा तर्क. घाणीच्या आक्षेपावर हे बऱ्यापैकी उत्तर आहे, कारण भाजल्याने लोखंड उडून जात नाही. पूर्ण उत्तर नाही; भाजताना लोखंड ऑक्साइडमध्ये मिसळून अचुंबकीय रूपात जाऊ शकतं.

आपल्या पुण्याचे सतीशचंद्र ओगले या क्षेत्रात फार आधीपासून आहेत. मेरीलँडला असताना २००३ मध्ये त्यांनी कोबाल्ट घातलेल्या टिन ऑक्साइडमध्ये प्रचंड आघूर्ण दिसल्याचं मांडलं. कोबाल्ट चुंबकीय, म्हणून ते काम या पानाच्या कुंपणापलीकडचं. पण २०१० मध्ये त्यांनी विरळ डोपिंग, दोष आणि ऑक्साइडमधलं चुंबकत्व यांचा जो आढावा लिहिला, तो नवीन विद्यार्थ्याने आधी वाचावा असं मी सांगतो.

म्हणजे शेवटी सगळं लोखंडच का?

इतकं सोपं नाही. मला स्वतःला सगळ्यात अडवून ठेवणारा प्रयोग कोई यांच्याच गटाचा आहे, २०१६ चा. सिरियम ऑक्साइडचे ४ नॅनोमीटरचे कण घेतले. वजनाने १ टक्का लँथॅनम, म्हणजे पूर्ण अचुंबकीय भेसळ, घातली की चुंबकत्व सगळ्यात जास्त. मग त्या पावडरीत अॅल्युमिना मिसळलं, लॅटेक्सचे गोळे मिसळले, आणि चक्क साखर मिसळली. कण एकमेकांपासून दूर गेले तसं चुंबकत्व कमी होत गेलं, काही नमुन्यांत दहा पटींपर्यंत. कणांचे पुंजके साधारण १०० नॅनोमीटरचे असले तरच ते उगवतं.

आता विचार करा. लोखंडाच्या कणाला साखरेशी काय देणंघेणं? भोवती साखर असो वा रिकामी जागा, तो आपले ग्रॅममागे २१८ ईएमयू देणारच. त्यामुळे घाणीचा खुलासा इथे सहज बसत नाही. वक्र तर आणखी विचित्र. हिस्टेरेसिस जवळजवळ नाही, आणि तापमान बदलून वक्र फारसा बदलत नाही. एकमेकांना धरलेल्या स्पिनांची ही लक्षणंच नव्हेत. लेखकांनी सुचवलेलं स्पष्टीकरण स्पिन बाजूला ठेवून इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीचा आधार घेतं: निर्वात विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या शून्य-बिंदू स्पंदनांशी जुळणारं, पुंजक्यापुरतं एकत्रित ‘महाकाय कक्षीय पॅरामॅग्नेटिझम’ (पॅरामॅग्नेटिझम म्हणजे बाहेरचं क्षेत्र असेपर्यंतच टिकणारं चुंबकत्व). मी हे तीन वेळा वाचलं. पटलं असं म्हणवत नाही, उडवूनही लावता येत नाही. हे खरं असेल तर ‘फेरोमॅग्नेटिझम’ हा शब्द वीस वर्षं चुकीच्या खोक्यावर चिकटवला गेला होता.

ग्राफीनचं काय?

थोडक्यात: मँचेस्टरच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की फ्लोरिन चिकटवलं किंवा कार्बनचे अणू उडवले की ग्राफीनमध्ये (कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थरात) अर्ध्या स्पिनची आघूर्णं येतात, पण ती पॅरामॅग्नेटिकच राहतात. द्रव हेलियमच्या तापमानालाही पथक जमत नाही. विकतच्या ग्रॅफाइटमध्ये लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, हेही त्यांनीच वेगळ्या निबंधात दाखवलं.

याचा उपयोग कुठे होतो?

अशा चुंबकावर चालणारं उपकरण बाजारात नाही. चुंबकीय मेमरी चिप मिळतात, त्यात कोबाल्ट-लोखंडाचे थर असतात. उलट सिलिकॉनमधल्या फॉस्फरसचा तो एकटा, कोणाशीही न जुळणारा स्पिन कामाला आलाय. १९९८ मध्ये ब्रूस केन यांनी त्यावर क्वांटम संगणकाचा आराखडा मांडला आणि ऑस्ट्रेलियात त्यावर मोठं काम उभं राहिलं. तिथे शेजाऱ्याशी आपोआप जुळणं हेच नको असतं.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेऊ का?

घ्या, पण ‘चुंबकत्व शोधणं’ असं शीर्षक देऊ नका. ‘नमुन्यातला सिग्नल कुठून येतो’ असं द्या. सहा महिन्यांत पुरं होईल आणि निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी लिहिण्यासारखं काही हाती असेल. पहिल्या आठवड्यात फिल्म करू नका. रिकामे सब्स्ट्रेट मोजा: एक पाकिटातून थेट, एक स्टीलच्या चिमट्याने धरलेला, एक तापपट्टीवर भाजलेला. तिघांचे वक्र वहीत एकाच आलेखावर काढा. आणि स्क्विडच्या नळीत नमुना बसवायच्या आधी प्लास्टिकचा चिमटा कुठे ठेवलाय ते लॅबमधल्या सिनियरला विचारा. तो नेहमी दुसऱ्याच टेबलवर असतो.